मधली नळी

माझ्या आईच्या एका मुठीला गावात जेवढा मान आहे, तेवढा मला अख्ख्याला मिळून नाही. ही तक्रार नाही, मोजमाप आहे.

मूठ म्हणजे पेरणीची. आमच्या फुलंब्रीच्या बाजूला आता बहुतेक पेरणी ट्रॅक्टरनं होते. पण घरी खायची एक एकर बाजरी आमच्याकडं अजून तिफणीवरच पेरतात. ट्रॅक्टरनं पेरलेल्या बाजरीची भाकर फुगत नाही, असं आईचं मत आहे आणि ते तपासून बघायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. तिफणीला जमिनीत चालणारे तीन फण असतात, वर वाटीसारखं लाकडी चाडं असतं आणि चाड्यातून तीन नळ्या खाली फणांपर्यंत गेलेल्या असतात. बैल ओढत राहतात, आणि चाड्यावर मूठ धरणारानं बोटांच्या फटीतून बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांना सारखं जाईल. जास्त सुटलं तर दाटी, कमी सुटलं तर खंड. आईनं पेरलेलं रान उगवलं की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी हळू करतो. सव्वीस वर्षं ही मूठ तिच्याकडं आहे. माझं वयही सव्वीस. माझ्याकडं बघून मात्र कुणी गाडी हळू केलेली नाही.

मे महिन्यात आई गोठ्यात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आलं. पेरणी महिन्यावर. अण्णा, म्हणजे माझे वडील तात्यासाहेब, दोन दिवस तिफण पुसत बसले. तिसऱ्या दिवशी मी शहरातून फोन करून सांगितलं की मूठ मी धरतो. इतकंच नाही, नोकरी सोडून कायमचाच येतो.

नोकरी काय होती ते सांगायला हवं. शहरात क्रांती चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर एक ऑफिस आहे. तिथं बसून मी चार वर्षं पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकत होतो. लोक आपलं दुःख सांगायचे आणि मी म्हणायचो, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. चार वर्षांत मी एकही मशीन बघितलेलं नाही. ते नेमकं केवढं असतं हेही मला माहीत नाही. गावात मात्र मी इंजिनिअर आहे.

अण्णांनी माझा बेत हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात तसा ऐकला. मग एवढंच म्हणाले, "पेर. उगवू दे. रान काय म्हनतंय ते बघू."

म्हणजे ठरलं ते असं: मला पंधरा दिवसांची रजा. रानानं हो म्हटलं तर मी घरी राहणार, नाही म्हटलं तर सोळाव्या दिवशी क्रांती चौक. मला राहायचं होतं. का, ते त्या वेळी विचारलं असतं तर मी मातीचा वास वगैरे काहीतरी सांगितलं असतं. खरं कारण असं की घरी फोन केला की अण्णा, आई आणि शेजारचे कडुबाकाका एकाच वेळी तीन वेगवेगळ्या विषयांवर माझी अक्कल काढायचे, आणि फोन ठेवल्यावर खोलीत फार शांत वाटायचं.

मी तयारी केली. शहरातल्या टीव्ही सेंटर भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत नरसाळं आणलं, दोन किलो रवा आणला आणि तीन आठवडे रोज गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून रवा सोडत चाललो. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला वाटलं मी कुणावर तरी करणी करतोय. तो माझ्याशी फार अदबीनं वागायला लागला. मुंग्या आल्या. त्या मात्र अगदी सरळ ओळीत आल्या, त्यामुळं माझा आत्मविश्वास वाढला.

पेरणीच्या दिवशी तिफणीला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला. बी ठेवायला आई पदराची ओटी बांधते. मला पदर नाही, म्हणून मी ऑफिसची लॅपटॉपची बॅग छातीवर उलटी अडकवली आणि तिच्यात बाजरी भरली. बैलांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून सोबत चालत होती. तिनं सव्वीस वर्षांचं ज्ञान मला दोन शब्दांत दिलं. "हात इसर." म्हणजे हात विसरून जा. मी तीन आठवडे हाताशिवाय दुसरं काही आठवलं नव्हतं.

आमचं रान लांबट आहे. बांधापासून बांधापर्यंत दोनशे पावलं. तिफणीच्या अशा एका खेपेला तास म्हणतात, आणि असे वीस तास घेतले की एकर संपतो. पहिले सहा तास बरे गेले, असं मला वाटलं. मग आई न्याहारी आणायला घराकडं गेली आणि सातव्या तासाला फोन वाजला.

सोनिया मॅडम होत्या, ऑफिसच्या. एक गिऱ्हाईक माझ्याशीच बोलायचं म्हणून अडून बसलं होतं. त्यानं माझ्या सल्ल्यानं मशीन बंद करून चालू केलं होतं आणि आता ते बंदच होत नव्हतं. मी फोन खांद्यात धरला, मूठ चाड्यावर ठेवली आणि माणसाला धीर देऊ लागलो. अण्णा पुढं बैलांकडं बघत होते. ओली माती मधल्या फणाला चिकटली, नळीचं तोंड बुजलं. चांगल्या मुठीला हे हाताला कळतं. माझी मूठ त्या वेळी दुसऱ्याचं पाणी शुद्ध करत होती.

तीन तास असे गेले. नवव्या तासाच्या वळणावर मी तिफण उचलून आपटली तेव्हा चिखलाचा बोळा पडला, आणि मागोमाग तीन तासांची बाजरी एकाच जागी भसकन खाली आली. चांगला ओंजळभर ढीग. अण्णा बैल वळवत होते, त्यांची पाठ होती. मी पायानं त्यावर माती लोटली आणि पुढं झालो. एखादी गोष्ट मातीत गाडली की विषय संपतो, असं मला तोवर वाटायचं. शेतीचा सगळा धंदा नेमका याच्या उलट तत्त्वावर चालतो, हे सहाव्या दिवशी कळलं.

सहाव्या दिवशी रान उगवलं.

सगळ्यात आधी कडुबाकाका आले. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून आहे. लोक पेपर वाचतात तसं ते दुसऱ्याचं उगवलेलं रान वाचतात, चहा घेत, पहिल्या पानापासून. ते एका जागी थांबले. तिथं रोपांचा हातभर लांब झुपका होता. हितं शिंकला व्हतास का, त्यांनी विचारलं. मी शिंकलो होतो. पुढं दहा पावलांचा कोरा पट्टा होता. हितं पाय घसरला. घसरला होता. मग ते सातव्या तासाला आले. तीन तास, आणि प्रत्येकाची मधली ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायब, भांग पाडल्यासारखी. काकांनी टोपी काढून परत घातली.

"आन् हितं कुनाचा फोन व्हता?"

मी सांगितलं, ऑफिसचा. त्यांनी मान हलवली. लई मोठं बोलनं झालेलं दिसतंय, म्हणाले. मग वळणावर पोचले. तिथं ओंजळभर जागेत शे-पाचशे रोपं एकमेकांच्या डोक्यावर उभी होती, जत्रेत हरवल्यासारखी. त्याबद्दल काकांनी काहीच विचारलं नाही. काही बातम्या माणूस मनातच वाचतो.

अण्णा हात मागं बांधून सगळं रान फिरले. आईही फिरली. घरी जेवण नेहमीसारखं झालं. इतकं नेहमीसारखं की मी अर्धी भाकर ठेवून उठलो.

आठव्या दिवशी मी एकटाच बांधावर बसलो होतो, तेव्हा प्रणय नावाचा एक मुलगा मोटारसायकलवरून चालला होता. वेरूळला त्याच्या मावसभावाचं हॉटेल आहे, तिकडं. तो शेतीचे व्हिडिओ करतो आणि त्याचे बरेच पाहणारे आहेत. त्यानं गाडी हळू केली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं ते तीन तास बघितले, उतरला आणि आदरानं विचारलं, "दादा, ही कोणती नवीन पद्धत?"

मला खरं बोलायला पुरेसा वेळ होता. तो मी केस नीट करण्यात घालवला.

त्यानं मोबाइल समोर धरला आणि मी सात मिनिटं बोललो. मधली ओळ मोकळी ठेवली की पिकाला श्वास घेता येतो, असं मी म्हणालो. शिंकेच्या झुपक्याबद्दल म्हणालो की हा सापळा आहे, कीड आधी इथं येते आणि नंतर तिला पुढं जायचा कंटाळा येतो. पाय घसरलेला पट्टा ही विश्रांतीची जागा. कुणाच्या विश्रांतीची, ते त्यानं विचारलं नाही. आणि वळणावरचा ढीग म्हणजे रोपवाटिका. मधली नळी कापडानं बुजवून घ्यायची, एवढं सोपं आहे, असं सांगून मी शेवटी संपर्कासाठी नंबर दिला. माझा फोन घरी चार्जिंगला होता, म्हणून अण्णांचा दिला.

दुपारपासून अण्णांचा फोन वाजायला लागला. त्यांना आधी काहीच कळेना. लोक अभिनंदन करत होते. मग कन्नड तालुक्यातून बद्रीनाथ नावाच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्याकडं पाऊस उशिरा झाला होता, उद्या सकाळी पेरणी होती, आणि नळी बुजवायला सुती कापड घ्यावं का गोणपाट, एवढीच त्यांची शंका होती. अण्णा म्हणाले, इचारून सांगतो. फोन ठेवला आणि मी बसलो होतो तिथं आले.

"त्यो मानूस उद्या नळी बुजवनार हाय."

मी म्हणालो की तशी जोडओळ पद्धत खरोखर असते, मी कुठंतरी वाचलंय.

"तू वाचून पेरलं व्हतं का?"

मी पायानं उगाच माती सारायला लागलो.

"तुझं चुकलं, आपन दोन भाकरी कमी खाऊ. त्याच्या लेकराबाळांनी का कमी खायची?" अण्णांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू नोकरीवरच जा, सुदर्शन. तिथं समोरचा मानूस दिसत नाय. तुला ते बरं पडतंय."

अण्णा मला सुदर्शन म्हणत नाहीत. ते मला सुद्या म्हणतात, आणि राग आला की त्याहून वाईट काहीतरी. पूर्ण नाव मी त्यांच्या तोंडून शेवटचं दहावीचा फॉर्म भरताना ऐकलं होतं.

मी घरात गेलो. आई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बॅग झटकून ठिवलीया."

खुंटीवर ऑफिसची बॅग लटकत होती. छातीवर बाजरी वागवायला घेतलेली बॅग आठ दिवसांत पुन्हा लॅपटॉपची झाली होती. चेन उघडून बघितली. एक दाणा नव्हता. डाव्या हातानं, एकटीनं, तिनं ती कशी झटकली असेल हे मला कळेना.

सकाळी सहाला मी बद्रीनाथ यांना फोन लावला. चार वर्षं अनोळखी लोकांशी फोनवर बोलण्यात गेली, पण हा नंबर मी आधी दोनदा फिरवून दोनदा कापला. त्यांच्या मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. कापड तयार आहे, म्हणाले. धोतराचं घेतलंय, जुनं, मऊ.

मी म्हणालो, "काका, ती पद्धत नाही. माझी नळी तुंबली होती."

तिकडं बैल थांबवल्याचा आवाज आला, घुंगरं बंद झाली. मग त्यांनी विचारलं, "फोनवर व्हता का?"

"हो."

"कापड काढतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं झालं बोलला." आणि लगेच फोन ठेवला. पेरणीच्या दिवशी फोनवर किती वेळ बोलायचं हे त्यांना माहीत होतं.

मग मी प्रणयला बोलावलं. आधीचा व्हिडिओ काढून टाक आणि दुसरा कर म्हणालो. तो हिरमुसला, पण आला. या वेळी मी केस नीट केले नाहीत. बांधापासून सुरुवात केली आणि एकेक जागा दाखवत गेलो. इथं शिंकलो. इथं घसरलो. हे तीन तास फोनवर होतो. हा ढीग पायानं झाकला, हा असा, या पायानं. नळी बुजवू नका, दर वळणाला बघत जा. सात मिनिटांचं खोटं होतं, खरं दोन मिनिटांत संपलं. प्रणय म्हणाला हे कुणी बघणार नाही.

संध्याकाळपर्यंत पहिल्या व्हिडिओच्या दसपट लोकांनी तो बघितला. आणि खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. पैठणकडच्या एका गुरुजींनी लिहिलं की त्यांनी एकदा मूग समजून मटकी पेरली आणि तीन महिने घरात मूगच म्हणत राहिले. एका बाईंनी लिहिलं की नवीन लग्न झालेलं असताना सासूसमोर घाबरून त्यांची मूठ उघडलीच नाही, दोन तास नुसतीच बंद फिरवली. मग रत्नमालाकाकूंनी लिहिलं. रत्नमालाकाकू म्हणजे कडुबाकाकांची बायको. त्यांनी लिहिलं की आमच्या ह्यांनी एका साली अर्धा एकर नुसतं खत पेरलं होतं, बी घरी खाटेखालीच राहिलं होतं, आणि हे आठ दिवस उगवायची वाट बघत बांधावर बसले होते.

कडुबाकाका त्यानंतर दोन दिवस कुणाचं रान वाचायला गेले नाहीत.

अण्णांनी तो व्हिडिओ बघितला की नाही, मला माहीत नाही. पण बाराव्या दिवशी पहाटे त्यांनी माझ्या पायाला हात लावून हलवलं आणि म्हणाले, ऊठ, नांग्या भरायच्यात. नांग्या भरणं म्हणजे जिथं उगवलं नाही तिथं रोप किंवा बी लावत जाणं. माझ्या रानात याला भरपूर वाव होता. हवा ढगाळ होती, जमीन ओली. वळणावरच्या ढिगातली रोपं मुळांसकट अलगद उपटायची आणि मधल्या ओळीत वीतभर अंतरावर खोचत जायची. जे मी लपवलं होतं तेच आता सगळ्यात जास्त उपयोगी पडत होतं, याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी बोलणार होतो, पण अण्णांनी बघितलं.

खुरप्यानं मी भोक पाडायचं, आईनं डाव्या हातानं रोप ठेवायचं, अण्णांनी अंगठ्यानं माती दाबायची. असे तीन दिवस. तिघांची डोकी एकाच ओळीवर वाकलेली. आई आणि अण्णांचं कशावरून तरी सतत चाललेलं असायचं, बहुतेक म्हशीवरून, आणि त्यात मधूनच माझा उल्लेख यायचा, तोही म्हशीच्या संदर्भात. माझी कंबर गेली. नखं गेली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की या तीन दिवसांत मी एकदाही वेळ बघितली नाही. ऑफिसात चार वर्षं मी काय चुकलो ते मला कधी बघायला मिळालं नव्हतं. चूक तारेतून जायची आणि कुणाच्या तरी घरात जाऊन बसायची. इथं ती सहाव्या दिवशी हिरवीगार उगवते, रस्त्याच्या कडेला, आणि मग आईबाप तुमच्याबरोबर खाली बसून ती नीट करू लागतात. नोकरीत अशी सोय नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी आम्ही शेवटाकडं पोचलो. सतराव्या तासात आई एकदम थांबली. ती मागं गेली, पुढं आली, मग कमरेत वाकून बघायला लागली.

"हितं कोन पेरीत व्हतं?" तिनं विचारलं.

बांधावर कडुबाकाका उभे होते. रत्नमालाकाकूंच्या लिखाणानंतर ते पहिल्यांदाच आले होते आणि त्यांना काहीतरी शोधून काढायची फार गरज होती. ते उतरून आले, बघितलं आणि आईवर थेट आरोप केला की वहिनी, हितं तुम्हीच डाव्या हातानं मूठ धरली व्हती. आई म्हणाली की तिनं चाड्याला हात लावलेला नाही. काका म्हणाले, मग हे आभाळातून पडलं का. कारण तिथं तिन्ही ओळी सारख्या होत्या. दाटी नाही, खंड नाही, रोपापासून रोप मोजून ठेवल्यासारखं. आजूबाजूला माझं रान होतं आणि मध्येच तेवढं एक तुकडाभर आईचं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी स्वतःच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होतो, पण मला काहीच आठवेना. सतराव्या तासाला फोन संपलेला होता, भूक लागलेली होती, परत आलेली आई पुढं चालत होती आणि तिच्या पायाचे ठसे ओल्या मातीत उमटत होते, ते मी बघत असेन. एवढंच. हाताचं म्हणाल तर हात होता की नाही तेही सांगता येत नव्हतं.

आईनं त्या तुकड्यावरून डावा तळहात फिरवला, रोपांच्या शेंड्यांवरून, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

अण्णा उठले. तुकड्याच्या सुरुवातीला उभे राहिले आणि पावलं टाकत निघाले. ओठ हलत होते. शेवटाला पोचले, वळले.

"वीस," ते म्हणाले. "वीस पावलं आली."

मी हिशेब केला. वीस तास, प्रत्येकी दोनशे पावलं, म्हणजे एकराची चार हजार पावलं. त्यात यंदा वीस. दुसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती आणि पाचच दिवसांपूर्वी मी खरं बोलणारा माणूस म्हणून तालुक्यात प्रसिद्ध झालो होतो, तेव्हा लपवणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, "अण्णा, वर्षाला वीसच पावलं जमली, तर अख्खा एकर नीट पेरायला मला दोनशे वर्षं लागतील."

अण्णा खाली बसले होते. एक रोप ठेवलं, अंगठ्यानं माती दाबली.

"मग?" ते म्हणाले. "तुला कुठं जायाचंय, सुद्या?"

मी हात पुसले, बांधावर गेलो, तिफण आसपास नाही याची खात्री करून घेतली आणि सोनिया मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, गावाकडं अजून किती दिवसांचं काम बाकी आहे.

मी खरा आकडा सांगितला.